सोपाननानांचं साडेसहा फुटी घर

सोपाननाना कुणाकडंही गेले की आधी दाराची चौकट बघतात आणि मग घरच्यांची तोंडं. आमच्या पिंपळवंडीत एका साखरपुड्याला सगळं गाव नवरदेव निरखत होतं, आणि नाना मान वर करून म्हणाले, "नऊ फुटाला चार बोटं कमी हाय." मला वाटलं नवऱ्याचं काही बोलतायत. ते मांडवाचं बोलत होते.

तीस वर्षं कांद्याचा ट्रक मुंबईला नेलेला माणूस, त्याला दुसरं काय दिसणार? पण मीही शिंपी. माप हा माझा धंदा. लांबून चालत येणाऱ्या गिऱ्हाइकाची छाती मी नजरेनं सांगतो, आणि गावात आपल्याइतकं माप कुणाला कळत नाही अशी मला घमेंड होती. ती नानांनी उतरवली.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. नानांची बायको, आमच्या ताराकाकी, विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्या. मणक्याला असा मार बसला की दहा मिनिटांच्या वर त्यांना बसता येईना. त्यांचं माहेर आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या पुढं, पार डोंगरात. तिथं त्यांची नव्वदीची आई. तिला घाट उतरवत नाही, हिला चढवत नाही, आणि असं करता करता तीन वर्षं मायलेकींची भेट नाही. एकदा जीपमध्ये उशा रचून नेलं, तर घोडेगावातच काकींनी पदराचा बोळा दातात धरला. गाडी तिथूनच माघारी फिरली. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं की म्हणायच्या, "त्यात मी जिती न्हाई बसायची." तिकडून निरोप यायला लागले, की म्हातारी आता माणसं ओळखायला विसरतीय, ओळखतीय तोवर येऊन जा.

तेव्हा नानांनी भंगारात निघालेली एक मिनीबस आणून दारात उभी केली.

"ही कशाला, नाना?" मी विचारलं.

"तिला घराभाईर जाता येत न्हाई ना? मग घरच नेतो."

मला हसू आलं. आज त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर नानांच्या अंगणात पांढरी फक्की ओतून गाडीचा आराखडा काढलेला. साडेसहा फूट रुंद, सोळा फूट लांब. त्यात बाज, स्टोव्हचा ओटा, पाण्याचं पिंप, पडद्याआडची मोरी, सगळं रेघांनी. आणि नाना त्या रेघांच्या आत राहायला लागले. आठ दिवस. जेवायचे आत, झोपायचे आत, कूस वळताना हात रेघेबाहेर गेला की उठून वहीत लिहायचे. मी आपला सवयीनं सरळ त्यांच्याजवळ गेलो, तर केवढ्यानं ओरडले.

"काय टेलर, भिताडातनं आलाव? दार तिकडं हाय."

मी, चाळीस वर्षांचा बाप्या, मुकाट वळसा घालून त्या नसलेल्या दारातून आत गेलो. आणि खरं सांगतो, आत गेल्यावर दाटीवाटी वाटायला लागली. मोरीपाशी तर दोघांना उभं राहता येईना. "हितं तिला धराय मी लागणार," नाना म्हणाले. त्यांनी पायानं रेघ पुसली आणि ओट्यातून एक वीत काढून मोरीला दिली.

मग बांधणी सुरू झाली. नाना सहा फुटी उंच. बॉडी बांधणारा मिस्त्री म्हणत होता, टप उचलू, आत ताठ उभं राहता येईल. नाना ऐकेनात. "उंच केली की वळणावर डुलती. डुलली की हिच्या मणक्याला लागंल."

"आणि तुम्ही आत उभं कसं राहणार?"

"वाकून."

गादीची खोळ आणि पडदे शिवायचं काम माझ्याकडं होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. माझं खरं काम नंतर कळलं. बाज ऐसपैस जागा बघून मागच्या टोकाला ठेवली होती. नानांनी मला तिच्यावर आडवं केलं, पोटावर पाण्याचा पेला ठेवला आणि गाडी पेठच्या घाटात घातली. पहिल्याच खड्ड्याला मी छताला जाऊन आलो. पेला कुठं गेला ते देवाला माहीत.

"मागच्या चाकाच्या मागं निजलं की खड्डा दुप्पट लागतो," नाना शांतपणे म्हणाले. "ठावं व्हतं मला. पर किती, त्ये कळाय माणूस पायजे व्हता."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतः बोलवायला आले. बाज आता पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आली होती आणि ओटा मागं गेला होता. या खेपेला मी चक्क झोपलो. पेठला त्यांनी हलवून उठवलं. त्या दिवसापासून मी नानांपुढं मापाची गोष्ट काढलेली नाही.

लांबीची काळजी वेगळीच. "तोंड वळलं म्हंजी गाडी वळली असं न्हाई, टेलर. ढुंगान वळाय लागतं." म्हणून नाना एसटीनं तीनदा डोंगरात जाऊन आले. एकेका वळणाला दोरी लावली, ओढ्यांवरच्या मोऱ्यांची रुंदी घेतली. वाटेवरच्या लोकांना वाटलं, सरकारी साहेब आलाय. चहा पाजून त्यांनी रस्ता कधी रुंद होणार ते विचारलं. नाना चहा प्याले आणि म्हणाले, बघू.

भात काढणी झाल्यावर आम्ही निघालो. नाना गाडीवर, काकी बाजेवर, मी त्यांच्या पायथ्याशी. घोडेगाव गेलं. डिंभे गेलं. खिडकी नानांनी बसणाऱ्याच्या नव्हे, निजणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवली होती, त्यामुळं काकी पडल्या पडल्या बाहेर बघत होत्या आणि एकेक झाड ओळखून मला सांगत होत्या. पदर दातात एकदाही गेला नाही.

आणि वाडीच्या तोंडाशी गाडी थांबली.

तीन वर्षांनी लेक येणार म्हणून माहेरच्यांनी कमान उभारली होती. बांबूची, आंब्याच्या डहाळ्यांची, भाताच्या लोंब्या लावलेली. "जीप दोनदा घालून बघितली, दाजी," मेव्हणा अभिमानानं म्हणाला. जीप! नानांनी खाली उतरून नुसतं बघितलं. उंचीला दोन बोटं कमी. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला दरड, वळसा घालायलाही जागा नाही. मेव्हण्याचं तोंड उतरलं, तो कुऱ्हाड आणायला वळला.

"थांबा," नाना म्हणाले. "लेकीसाठी बांधलेली हाय. तिच्या म्होरं कुऱ्हाड लावायची न्हाई. माणसं बोलवा."

अकरा माणसं आली. नानांनी एकेकाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गाडीत जागा नेमून दिली. "तुमी मागं. तुमी फुडं या, नायतर तोंड वर उचलंल. मामी, तुमी मधी." भावजया, चुलते, वाडीचा पाटील, सगळे त्या साडेसहा फुटांत काकींच्या बाजेभोवती दाटून उभे. त्या वजनानं गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर चांगली दोन बोटं खाली बसली. कमानीखालून गेली तेव्हा टपाला एक लोंबी तेवढी घासली. मी खाली उभा राहून बघत होतो. हात कधी जोडले गेले कळलंच नाही.

घरापुढं गाडी लागली आणि म्हातारीला उचलून आत ठेवलं. ती बाजेच्या कडेवर बसली, काकींच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तारे, किती वाळलीस गं." ओळखलं होतं. सगळे डोळे पुसत खाली उतरले.

नाना बांधावर जाऊन बसले.

"आत जा की," मी म्हणालो.

"आत जागा न्हाई."

आत्ताच तिथं अकरा माणसं मावली होती. नानांनी चुकीचं माप सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांच्या शेजारी बसलो.

"लगीन झाल्यापास्नं ती म्हनायची, एकदा ट्रक आमच्याकडं घाला, आईला दावू," ते म्हणाले. "मी म्हनायचो, रस्ता लई अरुंद, ट्रक वळायचा न्हाई. तीस वर्सं त्येच सांगितलं. मोजला कंदीच नव्हता, टेलर. यायचा कटाळा."

आतून दोघींचं हसणं ऐकू आलं. नानांनी मान खाली घातली.

"मेव्हणा म्हनला, रस्ता पयल्यापास्नं येवढाच हाय. दोरी लावली तवा कळलं. ट्रक निवांत वळला असता."