घरघंटी कुणाला लागली?

लासुर्ण्याच्या जवान साहाय्य मंडळाचे अध्यक्ष जोतीरामतात्या यांना मदत करायची भारी हौस. पण सुकन्या मदत घेईल तर ना! तिचा नवरा अजित सीमेवर पाय मोडून घेऊन पुण्याच्या लष्करी इस्पितळात पडला होता. मंडळाने पाठवलेलं पाकीट तिने तात्यांना चहा पाजून परत केलं. "आमी काय भिकेला लागलोय व्हय, तात्या?" एवढंच म्हणाली. पण घर चालवताना ती मेटाकुटीला आलीय, हे साऱ्या गल्लीला दिसत होतं.

तात्यांनी मग डोकं लढवलं. संक्रांतीचं हळदीकुंकू, त्यात बायकांसाठी लकी ड्रॉ आणि बक्षीस घरघंटी. चार घरची दळणं मिळाली की घरबसल्या हाताला काम. कळशीत चिठ्ठ्या टाकल्या त्या सगळ्या सुकन्येच्याच नावाच्या. बक्षीस म्हणजे काही दान नव्हे, ते ती कशाला परत करील?

गल्लीतली सगळी भांडणं मिटवणाऱ्या फुलाबाईंनी डोळे मिटून चिठ्ठी काढली. तात्यांनी खणखणीत आवाजात "सुकन्या" वाचलं. टाळ्या पडल्या.

सुकन्या जागेवरच उभी राहिली. "तात्या, मंडळ जवानांचं आन बक्षीसबी जवानाच्याच घरी? लोक म्हनतील, ठरवून दिलं. दुसरी काढा."

तात्या कळशी उचलायला धावले. तोवर फुलाबाईंनी दुसरी चिठ्ठी हातात ठेवलीसुद्धा. पुन्हा तेच नाव वाचलं तर बिंग फुटणार. घाबरलेल्या जिभेवर जे नाव रोज असतं तेच आलं. "कुशाबाई," तात्या म्हणाले.

कुशाबाई म्हणजे त्यांचीच बायको. ती धावत पुढे आली आणि तिने घरघंटीला मिठी मारली. "जल्मात पयल्यांदा कायतरी लागलं गं मला!"

"अध्यक्षाच्याच घरात व्हय?" मागून आवाज आला. कुजबुज वाढली. फुलाबाई म्हणाल्या, "कळशी आना हिकडं. समद्या चिठ्ठ्या बघते."

त्यांनी एक उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. तात्यांकडे पाहिलं, मग सुकन्येकडे. आता सुकन्या आपल्याला पुन्हा दारात उभं करणार नाही, या विचाराने तात्या नजरेनेच आपल्या चपला शोधू लागले.

फुलाबाईंनी चिठ्ठ्या कनवटीला खोचल्या. "चिठ्ठ्या बराबर हायती. पर अध्यक्षाच्या घरात बक्षीस जात न्हाय, ही रीत हाय."

अशी रीत गावात कुणी ऐकली नव्हती. पण फुलाबाईंना विचारणार कोण?

"तवा बक्षीस पयल्या नावाला. सुकन्ये, तू न्हाय म्हनलीस तर रीत मोडून ते कुशीकडंच ऱ्हाईल, आन गाव तात्याला फाडून खाईल. बघ बाई."

सुकन्येला तात्यांची कीव आली. "तात्यांची अडचन व्हत आसंल, तर घेते," ती म्हणाली आणि घरघंटीला हळदीकुंकू लावलं. तात्यांच्या छातीवरचा दगड उतरला. मदत कुणी कुणाला केली, याचा हिशेब त्यांनी केला नाही.

घरी जाताना कुशाबाई झपाझप पुढे चालत होती. ही आता रुसलीय, हिला खरं सांगून टाकावं, असं ठरवून तात्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात तिनेच विचारलं, "आवं, गेली तर जाऊ द्या. पर माझं नाव खरंच निघालं हुतं न्हवं?"

तात्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"खरंच निघालं हुतं," ते म्हणाले.

"मग फुडल्या संक्रांतीला अध्यक्षपद सोडा."