घर नोंदवा

फोनच्या पडद्यावर ‘घर नोंदवा’ अशी अक्षरं उमटली, आणि गळतीकाका खुर्चीत सरसावून बसले. अर्जातला एकही रकाना कोरा सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी नकाशावर आपली गल्ली शोधली, गल्लीत आपलं घर शोधलं, ते बोटांनी मोठं केलं आणि गच्चीच्या अगदी मधोमध बोट टेकवलं. ‘घर नोंदवले गेले आहे’ असं हिरव्या अक्षरांत आलं, तेव्हा त्यांना उगाचच बरं वाटलं. इतक्या वर्षांत पुराव्याचा एकही कागद न मागता त्यांचं घर मान्य करणारं हे पहिलंच खातं होतं.

खरं तर ड्रोनच्या दुनियेत घर म्हणजे यंत्र जिथून उडालं ती जागा. काम संपलं किंवा बॅटरी उतरली की ते तिथे परत येतं. ड्रोनबरोबर आलेलं कंपनीचं ॲप ही जागा दर वेळी आपली आपण टिपून घ्यायचं. पण हे ॲप कंपनीचं नव्हतं, कुणा तिसऱ्याचंच होतं, आणि त्याचं मराठी कोणी केलं होतं देव जाणे. आता घर नोंदवा म्हटल्यावर सरळमार्गी माणसाने दुसरं काय नोंदवायचं?

छपरं कुठे गळतात ते शोधून देणं हा काकांचा धंदा, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं हे नाव. दोन वर्षांपूर्वी ते एका गोदामाच्या शिडीवरून पडले आणि तीन महिने पाय प्लास्टरमध्ये घेऊन बसले. काकू शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी त्या तीन महिन्यांत घराचे नियमच बदलून टाकले. शिडीला हात लावायचा नाही. छपरं बघायची तर ड्रोनने बघायची.

“आणि हे यंत्र कुठे आदळलं, हरवलं, कुणाच्या डोक्यावर पडलं,” काकूंनी बजावलं होतं, “तर दुकान बंद. कळलं? मग घरी बसून शब्दकोडी सोडवायची.”

काकांना शब्दकोड्यांचा लहानपणापासून तिटकारा होता. त्यामुळे ते यंत्राला फुलासारखं जपत. पण कंपनीच्या ॲपमध्ये एकेक फोटो हाताने काढावा लागे आणि काकांचे अंगठे दुखून येत. तेव्हा फोटो स्टुडिओवाल्याने त्यांना हे नवं ॲप दिलं होतं.

“छपरावर बोटाने चौकोन काढा, बाकी सगळं ते करतं,” तो म्हणाला होता. “फक्त आधी मोकळ्या मैदानावर एकदा उडवून बघा, काका. आणि सूचना वाचा.”

काकांनी दोन्हीला हो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते थेट ग्रंथालयाच्या आवारात जाऊन उभे राहिले. वरच्या मजल्यावर कोशांच्या कपाटावर पाणी ठिबकत होतं, आणि ग्रंथपाल बाई काळजीने अर्ध्या झाल्या होत्या. काकांनी गळ्यात अडकवलेल्या रिमोटवर फोन बसवला, चौकोन काढला, बटण दाबलं. ड्रोन सुर्रकन वर गेलं आणि नांगर फिरावा तसं छपरावरून सरळ रेषेत जाऊ-येऊ लागलं. काका हात मागे बांधून बघत राहिले.

“किती शहाणं आहे हो!” ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

“वळण लावावं लागतं,” काका म्हणाले.

दहा मिनिटांत बेचाळीस फोटो झाले. पडद्यावर अक्षरं आली, ‘काम पूर्ण. घरी जात आहे.’ काकांनी उतरण्यासाठीची गोल चटई पायाने नीट सरळ केली. ड्रोनने मात्र चटईकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते हवेत गर्रकन वळलं आणि आवाराची भिंत ओलांडून निघालं.

“अहो, ते चाललं कुठे?”

“घरी,” काकांच्या तोंडून निघालं.

“कुणाच्या?”

आदल्या संध्याकाळचं ते हिरवं वाक्य काकांच्या डोळ्यांसमोर आलं.

“माझ्या.”

घर तिथून सव्वा किलोमीटर. ड्रोन केव्हाच दिसेनासं झालं होतं. पडद्यावर तेवढं खालचं दृश्य सरकत होतं: छपरं, झाडं, दूध केंद्र, ओळखीचा चौक. काकांनी पडद्यावरचं ‘थांबा’ दाबलं. ‘थोडा वेळ थांबा,’ असं उत्तर आलं. त्यांनी पुन्हा दाबलं. ‘आपण थांबत आहात,’ ॲप म्हणालं. एवढ्यात त्यांची गच्चीही आली. बॅटरी एकोणीस टक्के होती. यंत्र थबकलं आणि मधोमध रोख धरून खाली येऊ लागलं.

गच्चीच्या मधोमध पाण्याची टाकी होती. टाकीला शिडी लावलेली होती. आणि शिडीवर, वरून दुसऱ्या पायरीवर, एक पांढरा अंबाडा होता. तो अंबाडा काका कितीही उंचावरून ओळखू शकत होते.

“अरे देवा! ही वर काय करतेय?”

“फोन करा ना त्यांना!” ग्रंथपाल बाई ओरडल्या.

“ह्याच फोनवर तर ते चाललंय!”

“मग माझ्यावरून करा. नंबर सांगा.”

“नंबर... पाठ नाही.”

“बायकोचा नंबर पाठ नाही?”

“नाव दाबलं की लागतो हो! आणि नकोच. फोन वाजला तर ती एक हात सोडून घ्यायला जाईल.”

आता काकांना यंत्राचं काही वाटेना, दुकानाचंही वाटेना. पडताना कसं वाटतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते तिच्या वाट्याला येऊ नये एवढंच त्यांना वाटत होतं. पडद्यावर उंचीचे आकडे उतरत होते. पस्तीस मीटर. बत्तीस.

ग्रंथपाल बाईंनी मात्र ड्रोनच्या खोक्यातून सूचनांचं पुस्तक काढलं होतं. जन्मभराच्या सवयीने त्यांनी आधी शेवटची सूची उघडली.

“ताडपत्री, तापमान... हं, ‘ताबा घेणे’. पान एकोणीस. ‘ॲप कोणतेही असो, वैमानिकाने...’ वैमानिक म्हणजे तुम्हीच ना?”

“मीच, मीच! पुढे वाचा!”

“‘...वैमानिकाने रिमोटच्या कडेचा खटका सरकवल्यास यंत्राचा ताबा त्याच्याकडे येतो.’”

काकांनी खटका सरकवला. आकडा बावीसवर थांबला. यंत्र गच्चीच्या वर जागच्या जागी घोंघावत राहिलं.

तो आवाज काकूंनी ऐकला. त्यांनी एका हाताने टाकी घट्ट धरली आणि सावकाश मान वर केली. मागच्या बाकावर कुजबुज ऐकू आली की वर्गाकडे ज्या नजरेने बघत, त्याच नजरेने त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. सव्वा किलोमीटरवर काका आपोआप ताठ उभे राहिले. मग काकूंच्या चेहऱ्यावर कधी न दिसणारं काहीतरी दिसलं. त्या चक्क ओशाळल्या होत्या.

त्या एकेक पायरी उतरू लागल्या. बॅटरीही एकेक टक्का उतरू लागली. सतरा. सोळा. यंत्र हललं तर ती दचकेल, म्हणून काकांनी अंगठे जराही हलवले नाहीत. बाराव्या टक्क्याला काकूंचे दोन्ही पाय जमिनीला लागले. त्या जिन्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि वर बघून ‘या आता’ असा हात केला. काकांनी यंत्र हलकेच गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात उतरवलं आणि ग्रंथालयाच्या पायरीवर मटकन बसले.

“पाणी आणू?” ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

“आणा. नाही, राहू द्या. झालं. वाचलो,” काका म्हणाले आणि लहान मुलासारखे हसत सुटले.

घरी जाताना त्यांनी वाटेत एक झणझणीत भाषण तयार केलं. असली संधी संसारात पहिल्यांदाच आली होती. पण गच्चीवर पोचले, तर काकू ड्रोनशेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या, आणि त्यांना धडधाकट बसलेलं बघून भाषणातलं एकही वाक्य आठवेना.

“लागलं नाही ना कुठे?”

“नाही. टाकी आठवडाभर वाहतेय, प्लंबर नुसता येतो येतो म्हणतोय. म्हटलं, आपणच बघावं.” काकूंनी घसा खाकरला. “तुम्ही मुद्दाम पाठवलंत हे, माझ्यावर लक्ष ठेवायला?”

हो म्हणायचा मोह काकांना फार झाला.

“छे गं. चुकून आलं. मी ॲपमध्ये घर म्हणून आपलं घर नोंदवलं.”

“आणि बॅटरी संपली असती तर? मी उतरले नसते तर?”

“समोरच्या झाडात घातलं असतं.”

“म्हणजे मोडलंच असतं की. मग दुकान?”

“बंद,” काका म्हणाले.

काकूंनी साडीच्या टोकाने ड्रोनवरची धूळ पुसली.

“दुकान-बिकान काही बंद होणार नाही. उद्या मैदानावर जायचं आणि ते ॲप पहिल्यापासून शिकायचं. मी पण येणार. तुमचं लक्ष पडद्यात, मग वर कुणी बघायचं?”

“ये की. आणि ही शिडी?”

“भंगारात. आजच.” काकू थोड्या घुटमळल्या. “फक्त... माझा चष्मा टाकीवर राहिलाय.”

दोघांनीही शिडीकडे पाहिलं. काकू स्टुलावरून उठायच्या आत काकांनी ती खाली ओढून आडवी करून टाकली.

“प्लंबर येईल तेव्हा काढेल. तोवर माझा लाव.”

काकूंनी त्यांचा चष्मा नाकावर चढवला, समोरच्या झाडाकडे पाहिलं, ड्रोनकडे पाहिलं.

“अहो, ह्यातून तर काही म्हणजे काही दिसत नाही.”

“मलाही नाही दिसत,” काका म्हणाले.