लिंबाएवढा बंब

"फोटो झाले, किमती झाल्या. आता वर्णन सांगा, बाबा," अक्षता म्हणाली आणि मोबाइल सरसावून बसली.

सीतारामकाकांनी घसा खाकरला. चष्मा कपाळावर सरकवला. "लिही. बंब, अस्सल पितळी. एकदा पेटवला की घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी होतात. चिंचेनं घासावा, आरसा बघायची गरज राहत नाही."

"छान. साइज?"

"तीन नंबर."

"अहो बाबा, इंचात सांगा ना."

"भांडं इंचात कोण मागतं गं? मी काय पडदे विकतो?"

तेवढ्यात अक्षताच्या ऑफिसची मीटिंग सुरू झाली. तिनं घाईघाईनं 'तीन नंबर' एवढंच लिहिलं आणि बटण दाबलं. पुढचं सगळं रामायण या बटणापासून सुरू झालं.

तुळशीबागेमागच्या गल्लीतलं 'आनंद भांडी भांडार' काकांच्या वडिलांनी सुरू केलं होतं. पाटीवर भांडी असली तरी आतलं एकही भांडं तळहातापेक्षा मोठं नव्हतं. दुकान भातुकलीचं होतं. हातानं ठोकून केलेली पितळी पातेली, कढया, झारे, ताटं, वाट्या आणि बंब. गिझर घरोघर येण्याआधी अंघोळीचं पाणी तापवायला मधून धुराडं गेलेला जो पितळी हंडा असायचा, तो बंब. खरा बंब उचलायला दोन माणसं लागत. काकांचा बंब दोन बोटांत उचलता यायचा.

"पाटीवर खेळणी असं लिहायचं नाही," वडील सांगत. "मुलगी आपल्याकडे खेळायला येत नाही, संसार मांडायला येते." काकांनी हा नियम जन्मभर पाळला. खेळणं हा शब्द त्यांच्या दुकानात निघत नसे. परकरातली एखादी मुलगी आईचं बोट धरून आली की काका गंभीरपणे विचारत, "घरी माणसं किती?"

मुलगी बोटांवर मोजायची. दोन बाहुल्या, एक अस्वल, आजोबा. "आणि मांजर."

"मांजर रोज जेवायला असतं, की पाहुणं?"

"रोज."

"मग पातेलं दोन नंबरचं लागेल. एक नंबरात भात उतू जाईल."

आई तोंडाला पदर लावून हसायची. मुलगी मात्र हसायची नाही. तिच्याशी इतकं नीट बोलणारा मोठा माणूस तिला पहिल्यांदाच भेटलेला असायचा.

त्या मुली मोठ्या झाल्या, पांगल्या, आणि त्यांच्या मुलींच्या हातात मोबाइल आले. दुकान ओस पडलं. काकांच्या मुलाला, अभयला, हे बघवेना. "बाबा, दिवसभरात दोन माणसं येतात. एक पत्ता विचारायला आणि एक सुट्टे मागायला."

"सुट्टे असतात माझ्याकडे. तुझ्या मॉलवाल्यांकडे नसतात."

पण मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण जागा भाड्यानं घ्यायला तयार होता. या दिवाळीतही गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर किल्ली त्याला द्यायची असं ठरलं. काका हो म्हणाले खरे, पण तेव्हापासून ते दुकानात रोज तासभर लवकर जाऊन बसायला लागले. अभयची बायको अक्षता घरून काम करायची. सासऱ्यांचं हे लवकर जाणं तिच्या ध्यानात आलं, आणि म्हणून हा ऑनलाइनचा घाट.

फोटोची मांडणी काकांनी स्वतः केली होती. इवलीशी चूल, इवलीशी रांगोळी, बोटभर उंचीच्या पोत्यात तांदळाची कणी. भोवती शेणानं सारवल्यासारखी दिसणारी फळी. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी कोकणातल्या स्वयंपाकघरात शिरून फोटो काढलाय. काकांना त्याचा फार अभिमान वाटला.

पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. मग एक ऑर्डर आली आणि ती वाचून काका खुर्चीतून उठलेच. साठ ताटं, साठ वाट्या, मोठी पातेली, झारे, पळ्या आणि एक बंब! नाव दीपमाला गावंडे, पत्ता हिंजवडीचा.

काकांची पद्धत अशी की गिऱ्हाइकाशी बोलल्याशिवाय माल बांधायचा नाही. त्यांनी लगेच फोन लावला. "नमस्कार ताई, आनंद भांडी भांडार. घरी माणसं किती?"

"साठ आहेत, काका."

काकांनी फोनवर हात ठेवला. "अक्षता, साठ म्हणते! केवढं मोठं खटलं असेल!" मग पुन्हा फोनवर, "रोज जेवायला, की पाहुणे?"

"रोज. दोन्ही टायमाला. गुरुवारी सुरू करून राहिली. थोडं लवकर पाठवाल का?"

"अहो, उद्या निघेल. आणि बंब कुठे ठेवणार?"

"दारातच ठेवते. येणाऱ्याला दिसला पाहिजे."

"हौस आहे तुम्हाला," काका म्हणाले. "आजकाल कुठे राहिली हो अशी हौस!"

दीपमालाताई वर्ध्याच्या. त्यांनी हिंजवडीत गाळा घेऊन आयटीतल्या मुलांसाठी खानावळ काढली होती. पितळेच्या ताटात वऱ्हाडी जेवण, अशी त्यांची कल्पना. किमती वाचून त्यांना जरा नवल वाटलं होतं, पण दिवाळीची सूट असेल असं समजून त्या गप्प बसल्या. बोलणारे काकाही भले वाटले. साठ माणसांची इतक्या मायेनं चौकशी करणारा दुकानदार लबाड कसा असेल?

बुधवारी सकाळी डिलिव्हरीवाल्यानं एक खोकं त्यांच्या हातात ठेवलं.

"बाकीचा टेम्पो कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

"एवढंच आहे मॅडम. सही करा."

दीपमालाताईंनी खोकं उघडलं. साठ ताटं एका हातात मावत होती. त्यांनी बंब बाहेर काढला, ओट्यावरच्या लिंबाशेजारी ठेवला. लिंबू जरा उंच भरलं. त्यांनी फोटो काढला, एक तारा दिला आणि खाली लिहिलं, 'बंब मागवला. लिंबाएवढा आला. लिंबू सोबत येत नाही, ते आमचंच आहे.' मग खोकं काखेत मारून रिक्षा पकडली.

हिंजवडीहून गावात यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणसाचा राग एकतर विझतो नाहीतर दुप्पट होतो. ताईंचा दुप्पट झाला. त्या दुकानात शिरल्या आणि त्यांनी बंब गल्ल्यावर आपटला.

"काका, हे काय आहे?"

"बंब," काका प्रामाणिकपणे म्हणाले.

"याच्यात कोणाची अंघोळ होते? मुंगीची?"

"पोचा आलाय का कुठे? बदलून देतो."

"अहो, उद्या साठ पोरं जेवायला येऊन राहिली! जिती-जागती! एकेक पोरगं आठ-आठ पोळ्या खाते. त्यायले मी याच्यात वाढू?" त्यांनी चिमटीत एक ताट धरून दाखवलं. "याच्यात तर मिरचीबी बसत नाही. काहून केलं तुम्ही असं? माझी सगळी कमाई त्या गाळ्यात आहे हो!" आणि बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकांच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. साठ माणसं खरी होती. त्यांनी स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. जन्मात पहिल्यांदा त्या दुकानात तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला. "ताई, ही खेळणी आहेत हो." असं म्हणताना त्यांना काहीतरी फोडल्यासारखं वाटलं. "चूक माझी आहे. उठा. साठ ताटं आज मिळतील."

त्यांनी भर दिवाळीच्या दिवसांत शटर ओढलं आणि ताईंना घेऊन पोपटशेठच्या पेढीवर गेले. पोपटशेठ मोठ्या भांड्यांचे व्यापारी, काकांचे शाळेपासूनचे दोस्त. रोज सकाळी एकत्र चहा, आणि रोज एकच चेष्टा.

"पोपट, साठ ताटं पाहिजेत. पितळी. जेवायची."

"सीताराम!" पोपटशेठ गादीवरून उठले. "शेवटी मोठा झालास म्हणायचा!"

"चेष्टा नको. या बाई अडल्यात, माझ्यामुळे."

पोपटशेठनी ताईंकडे पाहिलं, मग काकांच्या चेहऱ्याकडे, आणि त्यांची चेष्टा तिथेच थांबली. "माळ्यावर धूळ खात पडलीत. स्टीलपुढे विचारतो कोण? आमच्या लेकीला तू चिमट्याशिवाय संसार दिला नव्हतास, हात भाजेल म्हणून. ती अजून आठवण काढते. ने सगळी. वाट्यांना कल्हई आहेच. महिनाभर भाड्यानं वापरा, पटलं तर ठेवा." मग स्वतःशीच म्हणाले, "भाड्यानं द्यायचं मला कसं सुचलं नाही इतकी वर्षं?"

टेम्पोत ताटं चढली. गडबडीत लहान ताटांचं खोकंही ताईंबरोबरच गेलं.

काका थकून परतले, तर दुकानासमोर अक्षता आणि अभय उभे. अभयचा चेहरा पडलेला. "बाबा, कुठे होतात? एका बाईनं टाकलेला फोटो जो तो पुढे पाठवतोय, सगळ्या गावात शोभा झाली. हे वाचा. लिंबाएवढा बंब!"

"मी तुम्हाला इंच विचारले होते," अक्षता रडवेली होऊन म्हणाली. "खेळण्यातलं आहे हे तरी त्या बाईंना सांगायचं!"

"मी कधीच सांगत नाही," काका हळूच म्हणाले. "लाव फोन त्या कव्हरवाल्याला. किल्ली घेऊन जा म्हणावं."

फोन करायला अभयनं दुकानाचा मोबाइल उचलला, तर तोच वाजायला लागला. पलीकडून एक बाई विचारत होत्या, "तो लिंबाएवढा बंब तुमच्याकडेच मिळतो ना?"

"मिळतो, पण बाई, तो खरंच लिंबाएवढा आहे," अभय म्हणाला.

"तेवढाच हवाय! मोठा घेऊन काय करू? माझ्याकडे होता तसाच. काका आहेत का अजून? त्यांनी मला कढई दिली नव्हती. म्हणाले होते, आधी वरणभात जमू दे, मग तळण. द्या ना त्यांना."

काकांनी फोन कानाला लावला. "जमला का वरणभात?" त्यांनी विचारलं. पलीकडून नुसतं हसणं, आणि मग नाक ओढल्याचा आवाज.

त्यानंतर फोन थांबलाच नाही. ज्या फोटोंवर काकांनी इतकी मेहनत घेतली होती, ते बघून लोक खरी भांडी समजून पुढे जात होते. एका रागावलेल्या बाईनं शेजारी लिंबू ठेवलं आणि सगळ्यांना एकदम कळलं, हे तर आपलंच बालपण. नाशिकहून, सांगलीहून, सातासमुद्रापलीकडून मागण्या आल्या. काहींनी लेकीसाठी घेतलं, पुष्कळजणींनी स्वतःसाठीच. काकांनी आता प्रत्येक फोनवर "घरी माणसं किती" याच्यापाठोपाठ "खरी की आपली?" असंही विचारायला सुरुवात केली. अभय ऑफिसातून येऊन खोकी बांधायला बसू लागला. एका संध्याकाळी चिकटपट्टी दातांनी तोडता तोडता तो म्हणाला, "त्या कव्हरवाल्याला मी नाही कळवलं. उगाच जागा अडवून बसला असता."

दिवाळी सरल्यावर दीपमालाताई आल्या. खानावळ छान चालली होती. पोपटशेठची ताटं त्यांनी ठेवूनच घेतली होती, आणि लहान संसार गल्ल्यावर मांडला होता. पोरं पैसे देताना त्याच्याशी खेळत उभी राहायची.

"काका, मी त्या दिवशी रागात लिहून बसली," त्या ओशाळून म्हणाल्या. "आता ते काढून टाकते. पाच तारे देते तुम्हाला."

"नको!" तिघंही एकदम ओरडले.

ताई दचकल्या. अभयनं घाईनं खुर्ची दिली. "ताई, हात जोडतो. ते काढलंत तर लोकांना परत वाटेल आम्ही खरी भांडी विकतो."

"खरीच विकतो," काका तुटकपणे म्हणाले. मग ताईंकडे वळून आवाज खाली आणला. "पण ते राहू द्या. तुमच्यासारखं लिहिणारं कोणी नाही."

ताई हसत हसत गेल्या. जाताना भाचीसाठी आणखी एक पूर्ण संच घेऊन गेल्या. संध्याकाळी अक्षताचा मोबाइल वाजला. तिनं वाचलं आणि तो काकांच्या पुढे धरला. नवा अभिप्राय होता. नव्या बंबाचा फोटो, शेजारी तसंच एक लिंबू, वर पुन्हा एकच तारा, आणि खाली लिहिलेलं:

'दुसऱ्यांदा मागवला. तरी लिंबाएवढाच आला. सुधारणा शून्य.'