सगुणा टिटवीनं लुटलेलं वाण

एका जंगलात एक टिटवी राहत होती. ते जंगल कुठलं, हे विचारू नका, बाळांनो. मलाही माहीत नाही. पण तिथं दर संक्रांतीला हळदीकुंकू व्हायचं, तेव्हा असेल आपल्याकडचंच.

टिटवीचं नाव सगुणा. पाणवठ्याकाठच्या खडकावर बसायचं आणि बिबट्या दिसला की ओरडायचं, एवढं तिचं काम. तिच्या आईनं तेच केलं, आजीनंही तेच. पहारा करणाऱ्याला तो खडक राहायला मिळायचा. खडकाच्या आडोशाला सगुणाची चार अंडी होती, आणि अंड्यांवर तिचे यजमान दगडूराव होते.

सगुणाचं एकाच ठिकाणी अडायचं. तिचं लक्ष टिकत नसे. बिबट्याची वाट बघता बघता तिला एक तांबडा किडा दिसायचा. किड्याच्या मागं पान दिसायचं. पानावरून आठवायचं, की काल आपण कुणाला तरी काहीतरी सांगणार होतो. तोवर बिबट्या येऊन गेलेला असायचा.

असं दोनदा झालं. पहिल्या खेपेला एका चितळाची शेपटी गेली. दुसऱ्या खेपेला शेपटी राहिली, चितळ गेलं.

पंचायत बसली. "तिसऱ्यांदा चुकलीस तर खडक मोराला," पंच म्हणाले. "अंडी कुठं न्यायची ते तुझं तू बघ."

मोराला पहारा येत नव्हता. पण खडकावर तो शोभून दिसला असता, आणि पंचायतीला तेवढं पुरे होतं.

सगुणा रडत रडत अक्कांकडे गेली. अक्का म्हणजे रानडुकरीण, महिला मंडळाच्या अध्यक्ष.

"मन थाऱ्यावर नाही, म्हणजे श्रद्धा कमी पडते," अक्का म्हणाल्या. "सोळा सोमवार धर."

सगुणानं धरले. अगदी मनापासून धरले. नवव्या सोमवारी पूजा मांडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज गुरुवार आहे.

देव काही रागावला नाही. देव रागीट असता, तर त्यानं अक्कांची आरती इतकी वर्षं ऐकून घेतली असती का? त्यानं एवढंच केलं, की त्या दिवशी सगुणा घरी जाताना वाट चुकली आणि थेट डॉक्टर साळिंदरांच्या दारात पोचली.

डॉक्टर साळिंदरांच्या सुया अंगावरच असायच्या. त्यामुळं त्यांच्याकडे कुणी खोटं बोलत नसे.

"लहानपणापासून असंच आहे का?"

"आई म्हणायची, अंड्यातून निम्मी बाहेर आले आणि विसरून तिथंच बसले."

"घरी आणि खडकावर, दोन्हीकडे असंच?"

"दोन्हीकडे. वाटेतसुद्धा."

"घरात कुणाचं हृदय अचानक बंद पडलंय?"

"आजीचं. पण तिला सापानं धरलं होतं."

"ते नाही धरत." डॉक्टरांनी तिची नाडी मोजली, रक्तदाब बघितला, तिला तराजूत बसवलं. आणखी तासभर विचारपूस केली. मग म्हणाले, "बाई, श्रद्धेत काही कमी नाही. डोक्याची ठेवण अशी असते एकेकाची. त्याला औषध आहे."

त्यांनी एका डबीत सात गोळ्या दिल्या.

"रोज सकाळी एक. आधी पोटभर न्याहारी, कारण नंतर भूक लागणार नाही. एखाद्या दिवशी विसरलीस, तर संध्याकाळी घेऊ नकोस, झोप उडेल. आणि दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाईही करायची नाही. हे काही राहिलेलं पारायण नव्हे. छातीत धडधडलं, तर मला हाक मार. आठवड्यानं परत ये, वजन बघू. माप कमीजास्त करायचं तर मी करीन, तू नाही. आणि डबी कुलपात ठेव."

"कुलपात कशाला? आमच्याकडे चोर नाहीत."

"चोरांची भीती नाही," डॉक्टर म्हणाले. "मैत्रिणी आहेत ना?"

सगुणा हसली. तिला ती गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं न्याहारी केली, गोळी घेतली आणि खडकावर जाऊन बसली. तांबडा किडा आला. सगुणानं त्याला बघितलं. मग परत झाडीकडे बघितलं. किडा थोडा वेळ थांबला आणि अपमान झाल्यासारखा निघून गेला.

त्या आठवड्यात बिबट्या दोनदा आला. दोन्ही वेळा तो ओढ्यापलीकडे असतानाच सगुणा ओरडली. दोन्ही वेळा तो उपाशी गेला.

दुपारी तिला खरंच भूक लागेना. शेजारणींना वाटलं, बाईनं कडक उपास धरलाय. गोदू सशीण तर येता जाता तिच्या पाया पडू लागली. सगुणाला ते आवडलं, म्हणून तिनं न्याहारीही सोडली. आठवड्यानं डॉक्टरांनी तिला तराजूत बसवलं आणि सुया फुलवल्या.

"पुण्य वाढलंय, वजन घटलंय," ते म्हणाले. "मला वजनाशी काम आहे. सकाळी खा, संध्याकाळी खा. देव थांबतो खायचं होईपर्यंत." आणि त्यांनी पुढच्या सात गोळ्या दिल्या.

दुसऱ्याच दिवशी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, सगुणाच्या खडकावर. वाणाला तिनं बोरं आणली होती. बायका जमल्या. नाव घ्यायचा आग्रह झाला. सगुणा लाजली आणि म्हणाली:

"डबीला कुलूप, कुलपाला किल्ली,
दगडूरावांचं नाव घेते, गोळी एकच गिळली."

सगळ्या हसल्या. अक्का हसल्या नाहीत.

"कसली गोळी?"

सगुणानं सांगून टाकलं. लपवायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"म्हणजे तो उपास नव्हता तर," गोदू सशीण म्हणाली, आणि केलेले सगळे नमस्कार मनातल्या मनात परत घेतले.

"असू दे," अक्का म्हणाल्या. "पण गुणाची वस्तू, आणि एकटीनं खायची? आणि आम्हाला बोरं? सवाष्ण बाई तू. वाण आपल्याला लागू पडलेल्या वस्तूचं लुटावं. तेव्हा कुठं ते देवाला पोचतं."

"डॉक्टर म्हणाले, माझ्या मापाची आहे."

"माझ्या मापाचं तुझ्या डॉक्टरांकडे काही नसेल," अक्का आपल्या पोटाकडे बघत म्हणाल्या. "म्हणून मला दोन दे."

सगुणा भिडस्त होती. त्यातून घरी आलेल्या सवाष्णीला नाही म्हणायचं नसतं, हे तिला अंड्यात असल्यापासून शिकवलेलं. तिनं कुलूप काढलं. उरलेल्या सहा गोळ्या हळदीकुंकवाच्या तबकात ठेवल्या आणि लुटल्या. बायकांनी तिला तोंड भरून आशीर्वाद दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या घ्यायच्या, असं ठरवून त्या घरी गेल्या.

सकाळ झाली, बाळांनो.

माकडिणीनं आपल्या थोरल्या पोराच्या उवा काढायला घेतल्या, त्या संपल्या, तरी ती थांबेना. पोराचं डोकं चकचकीत झालं. अक्कांनी कंदासाठी खड्डा खणायला घेतला. कंद सापडला. अक्का पुढं खणत राहिल्या. नातवंडं म्हणाली, आजी, जेवायला चल. अक्का म्हणाल्या, एवढी टेकडी झाली की आलेच.

गोदू सशिणीचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. सशांचं काळीज आधीच नाजूक, आणि तिच्या घरात तर दोघं-तिघं नुसत्या दचकण्यानं गेलेले. तिच्या छातीत असं धडधडायला लागलं, की ती पाणवठ्याशी आडवी पडली आणि उठेना. दगडूरावांनी ते बघितलं आणि अंडी उघडी टाकून डॉक्टरांकडे उडत गेले.

आणि सगुणा? ती खडकावर होती. डबी रिकामी होती. तांबडा किडा परत आला होता, जणू काही झालंच नव्हतं.

सगुणा त्याच्याकडे बघत राहिली. किडा खडकावरून गवतावर गेला. गवतावरून काटकीवर गेला. काटकीवरून उडाला आणि एका मिशीवर बसला. मिशी छान होती, लांब आणि पांढरी. सगुणाला ती कुठंतरी बघितल्यासारखी वाटली.

मिशीच्या मागं बिबट्या होता. बिबट्याच्या पुढं, दहा पावलांवर, गोदू.

सगुणा जन्मात ओरडली नव्हती अशी ओरडली. सगळं जंगल पळालं. गोदूला पळता येईना. बिबट्यानं पंजा उचलला, आणि त्याच क्षणी दगडूरावांच्या मागून धापा टाकत डॉक्टर साळिंदर आले. ते पाठमोरे झाले आणि सुया फुलवून गोदूच्या पुढं उभे राहिले. बिबट्याला सुयांची लहानपणापासून भीती. तो खाली मान घालून निघून गेला.

डॉक्टर गोदूला आपल्याकडे घेऊन गेले. दोन दिवस तिची नाडी धरून बसले. ती वाचली.

पंचायत परत बसली. मोर पिसारा साफ करून आला होता.

"गोळीच वाईट," अक्का म्हणाल्या. दोन दिवस झोप नसल्यानं त्यांचे डोळे तांबडे होते. "बंद करा ती."

"वाईट नाही," सगुणा म्हणाली. "घेत होते तेव्हा कुणाची शेपटी गेली नाही. वाटली, तेव्हा गोदूचा जीव जात होता. चूक वाटण्यात झाली. ती माझी. खडक घ्यायचा तर घ्या."

मग गोदू सशीण बसल्या जागेवरून म्हणाली, "मला मोर नको. पिसारा मिटल्याशिवाय तो ओरडायचा नाही."

पंचांनी बराच वेळ खल केला. शेवटी ठरलं, की बिबट्या दिसल्यावर सगुणा ओरडली, म्हणजे तिसरी चूक धरता येत नाही. पण वाणात अक्कांना दोन आणि बाकीच्यांना एक, हा पंक्तिप्रपंच बरा नव्हे, म्हणून तिला ताकीद द्यावी.

डॉक्टरांनी नवी डबी दिली. किल्ली दगडूरावांनी अंड्यांबरोबर पोटाखाली घेतली. ते अजूनही कधीकधी तिला पाचवं अंडं समजतात. रोज सकाळी, सगुणाची न्याहारी झाल्याशिवाय, ते उठत नाहीत. बाकी चार अंड्यांतून चार पिल्लं निघाली. त्यातलं एक निम्मं बाहेर येऊन बसून राहिलं. सगुणानं त्याला ओळखलं.

पुढच्या संक्रांतीला अक्का हळूच म्हणाल्या, "सगुणे, ती गोळी, एखादी?"

"नाही, अक्का," सगुणा म्हणाली. "बोरं घ्या."

जन्मात पहिल्यांदाच तिनं सवाष्णीला नाही म्हटलं, तेही पूर्ण लक्ष देऊन. तेव्हापासून त्या जंगलात सगुणा टिटवी अत्यंत स्वार्थी म्हणून प्रसिद्ध आहे. तसं सांगायला सगळे आहेत, कारण सगळे जिवंत आहेत.

तात्पर्य: वाटून खावं, असं मोठी माणसं तुम्हाला सांगतात, बाळांनो. बोरांच्या बाबतीत ऐका. डॉक्टरांनी तुमच्या नावानं दिलेली गोळी मात्र एकट्यानं, वेळेवर, भरल्या पोटी आणि अगदी अप्पलपोटेपणानं खावी. त्यात जे पुण्य आहे, ते वाटून वाढत नाही.