तिसऱ्याचं वजन

रमजानचा पहिला इफ्तार कुणाच्या आईकडे करायचा, या प्रश्नाने कैरोतले जावई दरवर्षी अर्धे होतात. डॉक्टर हिल्मीने मात्र यंदा तो गणिताने सोडवला होता. विद्यापीठात ग्रहगोल फिरवणाऱ्या माणसाला दोन म्हाताऱ्यांचं काय ओझं!

"दोन मोठे गोल एकमेकांभोवती फिरतायत," त्याने बायकोला, नेवीनला, समजावलं. "जवळ एक चिमुकला धोंडा. त्याला टिकून राहायला पाचच जागा. तीन डळमळीत, दोन पक्क्या. पक्की म्हणजे दोघांपासून सारख्या अंतरावरचा, त्रिकोणाचा तिसरा कोपरा. म्हणजे आपलं घर. दोघींना इथेच बोलवू."

"आणि धोंड्याने त्यांना ओढलं तर?"

"धोंड्याचं वजन शून्यच धरतात."

नेवीनने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि कांदा चिरायला घेतला.

खरं तर हिल्मीचा जीव आईत अडकला होता. वडील गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच रमजान. ती शुब्रा भागातल्या घरात एकटीच ताटासमोर बसेल, हे त्याला नको होतं. पण सासूबाई फौकियाही एकट्याच, आणि मानापमानात भलत्याच काटेकोर.

दोघी आल्या, त्या आपापलं मुलूखियाचं, म्हणजे पातळ पालेभाजीचं, पातेलं घेऊन. आईच्या भाजीत ससा, सासूबाईंच्या भाजीत कोंबडी. लसणाची फोडणी पडताना बायका मोठ्याने श्वास ओढतात, त्याशिवाय मुलूखियाला चव येत नाही म्हणतात. तो श्वासही दोघींनी एकमेकींवर वरचढ ओढला. अजान झाली, खजूर खाऊन झाले, आणि दोघी हिल्मीच्या चमच्याकडे पाहू लागल्या.

तेव्हा त्याला ती अट आठवली. तिसरा कोपरा पक्का खरा, पण एक गोल दुसऱ्याच्या निदान पंचवीसपट जड असेल तरच. इथे तर दोघी तोडीस तोड.

"भूक नाही का रे बाळा?" आईने विचारलं.

"जावईबापूंना ससा पचत नसेल," सासूबाई म्हणाल्या.

हिल्मी गांगरला आणि त्याने एक पातेलं सरळ दुसऱ्यात ओतलं.

दोघींनी एकदमच श्वास ओढला. या वेळी फोडणी कुठेच नव्हती.

"माझ्या सशात कोंबडी घातली! फौकिया, पाहिलंस ना?"

"पाहिलं गं बाई. आणि म्हणे प्रोफेसर."

लग्नाला आठ वर्षं झाली, पण विहिणींचं एकमत आज पहिल्यांदा झालं. आईच्या फ्रीजमध्ये आणखी मुलूखिया होता. दोघी एकाच टॅक्सीत बसून तिकडे निघून गेल्या. हिल्मीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तासाभराने त्याने माफी मागायला फोन लावला, तर पलीकडे हसणं चाललेलं.

"माफी राहू दे," आई म्हणाली. "फौकिया आज इथेच राहतेय. उद्या मी तिच्याकडे. पहाटे सहरीच्या जेवणाला उठवायला कुणीतरी हवंच ना."

"मग आम्ही कधी येऊ?"

"तुम्ही होय? बघू, ईदच्या सुमारास."

फोन ठेवताना हिल्मीचे डोळे भरून आले. "आई हसत होती गं," तो म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "पण आपल्याला कुणी विचारतच नाहीये."

"कसं विचारतील?" नेवीनने रिकामं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं. "गोल फिरतायत मजेत. शून्य वजनाने आता हे घासून ठेवावं."