दक्षिणेकडे तोंड करून जेवणारे नाना

दक्षिणेकडे तोंड करून जेवू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमचे देवरेनाना मात्र नाशिकच्या ऑफिसातसुद्धा खुर्ची फिरवून, मुद्दाम दक्षिणेला तोंड करून डबा उघडायचे. विचारलं तर म्हणायचे, "पोट जिच्यावर चालतं तिच्याकडं पाठ कशी करू?"

ती म्हणजे दक्षिणेच्या आभाळात एकाच जागी असणारा उपग्रह. नाना त्याला 'बाई' म्हणत. डोंगरातली पाऊस मोजायची केंद्रं सांभाळणं हे आमचं काम. केंद्रावरचा अँटेना पावसाचा आकडा उपग्रहाला सांगणार, उपग्रह आमच्या कॉम्प्युटरला. अँटेना जरा फिरला की सगळं ठप्प. उपग्रह काही डोळ्यांना दिसत नाही, पण नाना चपला काढून, एक डोळा मिटून, दक्षिणेच्या आभाळाकडे बघत नट आवळायचे. एकदा मी उपग्रहाची दिशा दाखवणारं मोबाइलवरचं अ‍ॅप पुढे केलं, तर म्हणाले, "साहेब, गप ऱ्हा. बाई बुजते." सुरगाण्याच्या डोंगरात जीपवाला, राखणदार आणि मी, असे तीन बाप्ये मुकाट उभे. मग नाना ऑफिसला फोन लावून आपल्या सटाण्याकडच्या बोलीत विचारायचे, "उना का?" आकडा आला म्हटलं की मगच चपला पायात.

नाना रिटायर झाले. बायको आधीच गेलेली, मुलगी मनमाडला दिलेली. रोज संध्याकाळी पाचला मला त्यांचा फोन यायचा. "सुरगाण्याचा उना का?" महिनाभर मी स्क्रीन बघून सांगितलं. पुढे कंटाळलो. फाइल चाळता चाळताच "आला, नाना, आला" म्हणून मोकळा व्हायचो. यात आपण खोटं बोलतोय असं मला वाटलंही नाही.

श्रावणात एका म्हशीने सुरगाण्याच्या खांबाला अंग घासलं आणि अँटेना फिरला. केंद्र आठ दिवस बंद. आठही दिवस मी नानांना "आला" म्हणालो. वरून विचारणा झाली तेव्हा माझे डोळे उघडले. कंत्राटदाराची माणसं गेली आणि अ‍ॅप लावून तासाभरात काम उरकून आली.

मला राहवेना. रविवारी नानांच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं. वाटलं, चांगले झापतील. ते नुसते दाराकडे बघत राहिले. दाराशी एक पिशवी होती. नट आवळायचे पाने, दोरी, रेनकोट, पाण्याची बाटली. रिटायर झाल्यापासून भरलेलीच आहे म्हणाले.

"तुम्ही एकदा तरी नाही म्हणाल, म्हणून तर फोन करायचो, साहेब. तशीच एसटी धरली असती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठताना मी म्हणालो, "नाना, पुढच्या वेळी तुम्हालाच नेतो."

नानांचा चेहरा एकदम उजळला. पिशवीतल्या बाटलीचं पाणी बदलायला ते आत गेले. सगळी केंद्रं आता कंत्राटदाराकडे गेली आहेत, हे काही मला सांगता आलं नाही. म्हणजे पुन्हा खोटंच बोलून आलो.