पद तेच, चिन्ह नवे

पद एका पक्षातून दुसऱ्या पक्षात गेले की त्याचे चिन्ह बदलते. नियम बीजगणिताचा आहे (जुन्या पुस्तकांत समीकरणाच्या बाजूंना पक्षच म्हणतात). पण पनवेलमध्ये तो नगरसेवक दयारामशेटइतका मनोभावे कोणी पाळला नाही. तीन पक्ष झाले, तीन चिन्हे झाली. पद मात्र तेच.

चारुता एम.एस्सी. होऊन क्लासमध्ये हाच नियम शिकवायची. तिची आई रंभा करंजा बंदरातून मासळी आणून बाजारात विकायची. रंभाच्या ओट्याजवळ शेटनी पहिल्या पक्षात असताना बसवलेला नळ होता. त्यातून पाणी सोडून सगळे येई (एकदा पाल आली). ओटा धुवायला रंभा घरून कॅन वाही आणि दिवसभर कंबर धरून बसे. नळाला पाणी यावे, एवढेच मायलेकींचे मागणे.

तिसऱ्या पक्षात गेल्यावर, निवडणुकीच्या तोंडावर, शेट बाजारात आले.

"वैनी, आता पाणी नक्की. तिकडे माझे हात बांधलेले होते."

"दयारामशेट, पयल्या पक्षातबी तुजे हात बांधलेलेच व्हते. तुला बांधून ठेवतं तरी कोन?"

शेट मनमोकळे हसले. त्यांनी नळाचे डाव्या भिंतीवरून उजव्या भिंतीवर स्थलांतर केले, त्याला नव्या पक्षाचा रंग दिला आणि नारळ फोडला. पाणी तेवढे आले नाही.

चारुताने तक्रार केली नाही, जागा बदलल्याने काय बदलते याचा अभ्यास केला. संगीतात पट्टी सफेद दोनवरून काळी पाचवर नेली तरी गाणे तेच राहते. वैद्यकात काही बाळांच्या हृदयाच्या दोन मोठ्या वाहिन्यांची जागा अदलाबदल झालेली असते. मग शुद्ध रक्त फुप्फुस आणि हृदय यांच्यातच फिरते, शरीरापर्यंत पोचत नाही. (नळाची फाईलही अशीच फिरत होती. फरक इतकाच, की बाळावर तातडीने शस्त्रक्रिया करतात.) आणि शून्याला कुठलेही चिन्ह लावा, ते शून्यच.

शेट निवडून आले. दुसऱ्या दिवशी रंभाने कॅन उचलला.

"आये, मत कुनाला दिलंस?"

"त्यालाच. तो बोलत व्हता, आमी मान हलवत व्हतो. बरोबर हाय, बरोबर हाय."

समीकरणात सगळी पदे इकडून तिकडे जातात. पक्ष बदलत नाही ते फक्त मधले चिन्ह. दोन आडव्या रेघा, निमूट पडलेल्या, ज्यांच्यावरून सगळे ये-जा करतात. त्या चिन्हाला 'बरोबर' म्हणतात.

हे वाचताना आपणही एकदोनदा मान डोलावून तेच म्हणाला असाल.